अंकाची बाहेरची बाजू

तुम्ही एसटीत उभ्याने प्रवास करता आणि हातात एखादा अंक असतो, तेव्हा त्याची कोणती बाजू लोकांकडे असते आणि कोणती तुमच्या छातीकडे?

असं वाचून पुढे जाऊ नका. नीट आठवून पाहा. तुम्हाला आठवणार नाही, कारण असल्या गोष्टी आपण ठरवून करत नाही, हातच ठरवतो. पण त्या हाताच्या निर्णयावर माझ्या उमेदीची बरीच वर्षं जळली आहेत. मी महाविद्यालयांच्या वार्षिकांकांची मुखपृष्ठं करत असे. माझा अंक मुली उलटा धरत. मनोजचा सुलटा धरत. एवढीच माझी कहाणी आहे. तुम्हाला ती क्षुल्लक वाटली तर तुमच्या कामात तुमचा कुणी मनोज नसणार, किंवा तुम्ही खोटं बोलत असणार.

मी सेलूची. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा वर्ध्याला स्टेशनजवळच्या एका छापखान्यात कामाला लागले. रोज सकाळच्या बसने जायचं, पवनारच्या पुलावरून धाम नदी पाहायची, संध्याकाळी परत. छापखान्यात लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं, दुकानांच्या पिशव्या असं सगळं निघे. वर्षातून एकदा कॉलेजांचे अंक यायचे. ते काम मला हवं असे.

मुखपृष्ठ म्हणजे काय, हे बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, एक चित्र काढलं की झालं. आमच्याकडे त्या काळी दोन रंगांत भागवावं लागे, कारण एक रंग म्हणजे कागदाची यंत्रातून एक फेरी. लाल छापून झाला की तोच कागद वाळवून काळ्यासाठी पुन्हा घालायचा. दुसऱ्या फेरीत कागद केसभर सरकला तरी चित्रातल्या बाईचे ओठ तिच्या हनुवटीवर जात. अंकाचं नाव मी ब्रशने लिहीत असे. चित्र एका कागदावर, अक्षरं दुसऱ्यावर, मग कात्रीने कापून चिकटवायचं, त्याची फिल्म करायची. पुढे कॉम्प्युटर आला आणि चारही रंग आले. पण खरा प्रश्न पहिल्यापासून एकच होता आणि तो रंगांचा नव्हता. हे कोणासाठी आहे?

प्राचार्यांना वाटे, अंक प्राचार्यांसाठी असतो. माझ्या पहिल्या वर्षी एका महाविद्यालयाने मुखपृष्ठावर इमारत मागितली. मी म्हटलं, सर, दर वर्षी इमारतच असते. ते म्हणाले, "मग? दर वर्षी इमारत तीच आहे ना?" मी त्यांनी दिलेला फोटो घेऊन आले. फोटोत इमारतीच्या बरोबर मधोमध विजेचा खांब येत होता. तो ब्लेडने खरवडून काढण्यात माझा एक अख्खा दिवस गेला. अंक आला तेव्हा त्यांनी बोट ठेवून विचारलं, "इथला खांब कुठं गेला? बिल भरलं नाही असं वाटेल लोकांना." अशी माणसं.

मला या सगळ्याचा राग यायचा, कारण मी पत्रकांवर वाढले होते. हे खरोखरच. माझे बाबा पत्रकं काढत. आपला दारूबंदीचा जिल्हा; मग दारू कोणत्या गल्लीत मिळते, रेशनचं रॉकेल कुठे जातं, सेलूला रात्रीची बस का थांबत नाही, असल्या प्रश्नांवर ते स्वतः मजकूर लिहीत, छापून आणत आणि सायकलवरून बाजारात वाटत. आम्ही भावंडं त्या गठ्ठ्यांवर बसून जेवलो आहोत. मी अक्षरओळख पत्रकांवरून केली, त्यामुळे मला कित्येक दिवस वाटे की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. बाबांचा एक नियम होता. पत्रक एकाच बाजूने छापायचं. छापखानेवाले म्हणत, मागं कोरं कशाला सोडता, तिथंही मजकूर टाका. बाबा म्हणत, "नाई. दुसरी बाजू घरच्यांची. त्यायले हिशेब लिहू द्या, पोट्ट्यांले चित्रं काढू द्या. मंग कागद घरात राह्यते."

मला त्या वेळी हा नियम म्हणजे भाबडेपणा वाटे.

तर ढोबळे सर. मराठीचे प्राध्यापक आणि वर्ध्याच्या एका महाविद्यालयाच्या 'धामतीर' या अंकाचे संपादक. त्यांनी माझ्या हातची पत्रकं पाहिली होती. ते म्हणाले, "या वर्षी इमारत नको. तुम्हाला जे सांगायचं आहे ते सांगा." असं वाक्य माझ्यासारखीला ऐकवू नये. मी काळ्या पार्श्वभूमीवर एक मुलगी काढली. तिचा हात वर, मूठ आवळलेली, आणि ब्रशच्या फटकाऱ्यांनी लाल अक्षरं: 'उठ! विचार! नाही म्हण!' लाल रंग मशीनवर नेमका बसला, केसभरही हलला नाही. मी तो अंक दोन्ही हातांत धरून पाहिला आणि मनात म्हटलं, आता जिल्हा बदलणार.

अंक वाटले त्या संध्याकाळी मी मुद्दाम त्या मुलींच्याच बसने निघाले. बस खच्चून भरलेली. माझा अंक घेऊन उभ्या असलेल्या मुली मला मोजता आल्या असत्या, पण मुखपृष्ठ एकही दिसेना. सगळ्यांनी अंक छातीशी धरला होता, चित्र आत आणि मागची पांढरी जाहिरात बाहेर. त्याच बसमध्ये दुसऱ्या एका कॉलेजच्या मुली होत्या. त्यांचेही अंक नुकतेच मिळालेले. त्यांच्या अंकावर निळं तळं होतं, तळ्यात दोन हंस, वर गुलाबी आभाळ आणि कोपऱ्यात मोरपीस. आणि ते हंस सगळ्या बसभर लोकांकडे तोंड करून पोहत होते. प्रत्येकीने सुलटा धरला होता.

मला ते हंस आजही दिसतात.

माझ्या शेजारी एक मुलगी उभी होती. लांब वेणी, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ. तिच्या हातात माझा अंक, अर्थात उलटा. मी तिला विचारलं, "काय नाव गं तुझं?"

"रत्नमाला."

"हा अंक उलटा काऊन धरला वं?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मंग काय करू ताई? 'उठ, विचार, नाई म्हण' असं छातीवर लावून उभी राहू का मी बसमंदी? तो कंडक्टर पास पाह्यले आला तं म्हणन, नाई म्हण!"

तिच्या मैत्रिणी फसकन हसल्या. मीही हसल्यासारखं केलं. सांगितलं नाही की ते मीच केलं आहे.

"पण पटत नाई का तुले ते?" मी विचारलं.

"पटते ना. घरी म्हणतोच मी नाई. पण ते मी म्हणन ना, केव्हा म्हणाचं ते. अंक कायले म्हणते माह्यावतीनं?"

तिथे पवनार आलं, गर्दी हलली आणि ती मागे सरकली. मी खिडकीच्या दांड्याला धरून उभी राहिले. तिचं म्हणणं मला त्याच क्षणी समजलं होतं, पण मान्य करायला मी तयार नव्हते. पत्रक आपण कुणाच्या तरी हातात देतो. ते वाचायचं की फेकायचं हे तो ठरवतो. मुखपृष्ठ तसं नसतं. ते माणूस अंगावर घेऊन चारचौघांत फिरतो. मी त्या मुलींना न विचारता मोर्चात उभं केलं होतं.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. आपलं मुखपृष्ठ एका तरी मुलीने, आपणहून, बसमध्ये सुलटं धरावं. पुरस्कार नको, प्राचार्यांचं कौतुक नको. एक हात, एक अंक, सुलटा.

आणि मनोजची बोटं कापून टाकावीत, असं अधूनमधून वाटे.

मनोज म्हणजे सेलूच्या बसस्टँडसमोरच्या वह्यापुस्तकांच्या दुकानदाराचा मुलगा. व्यापारी घर, घरात हिंदी, बाहेर वऱ्हाडी, गिऱ्हाइकाशी दोन्ही. त्याने दुकानाच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटर टाकला, लग्नपत्रिका करू लागला आणि बघता बघता कॉलेजांच्या अंकांत शिरला. मी एकदा पेनची रिफिल घ्यायच्या निमित्ताने गेले. काउंटरच्या काचेखाली त्याने हंसांचं मुखपृष्ठ लावून ठेवलं होतं, देवाच्या तसबिरीसारखं.

"या, क्रांतीताई," तो म्हणाला. हे नाव त्यानेच मला दिलं होतं आणि बसस्टँडवर ते पसरवलंही होतं. "कशी वाटली आमची बदकं?"

"हंस आहेत ते, मनोजसेठ. तुम्हालाच माहीत नाही?"

"देखो, मले दोन्ही सारखेच. पण चालले ना!" त्याने मागच्या फळीवरून दोन वह्या काढल्या. एकीवर फुलं, एकीवर तोफ. "सांगा, पोरगी कोनती घेईन?"

"मुलींना तोफ आवडत नाही, हा तुमचा समज."

"अवं ताई, आवडते! तोफ हातात घेते, पाहाते, मंग बाजूले माय उभी राह्यते तिच्याकडं पाहाते, अन् फुलं घेते. वही दोघींले पसंत पडा लागते. मी रोज पाहून राह्यलो इथं बसून. तुमचं कव्हर एकाच जनाले पसंत हाय."

"कोणाला?"

"तुम्हाले," असं म्हणून त्याने रिफिल पुढे केली.

मी रस्ताभर त्याला मनातल्या मनात उत्तरं दिली. मुलींच्या आयांना घाबरून तळी आणि हंस काढायचे, म्हणजे त्या भीतीवरच धंदा करायचा! जे आहे ते गोड करून विकायचं! माझी सगळी उत्तरं बिनतोड होती. तरीही त्याचं मुखपृष्ठ सुलटं होतं.

घरी बाबांसमोर मी दोन्ही अंक ठेवले. हे मी का केलं कोण जाणे. हंस पाहून ते हसतील आणि माझ्या खांद्यावर हात ठेवतील, एवढीच अपेक्षा होती. बाबांनी आधी मनोजचा अंक ट्यूबलाइटखाली धरला, लांब केला, जवळ आणला. म्हणाले, "रंग चांगले मिळवले पोट्ट्यानं."

मग माझा घेतला. बराच वेळ पाहिला.

"हे तं माहंच पत्रक हाय बेटा," ते म्हणाले. "फक्त कागद जाड हाय."

मनोजचा खरा हेवा मला त्या क्षणापासून वाटू लागला. आधी होता तो नुसता तिरस्कार. बसमधल्या मुलींनी त्याला निवडलं, ते एक वेळ ठीक. पण बाबांनी त्याचे रंग पाहावेत? ज्या माणसाने आयुष्यभर एका रंगात पत्रकं काढली, त्याने?

पुढच्या वर्षी मी घोषणा टाकली नाही. शब्दच नको म्हटलं. नुसत्या रेषांमधून उगवणारं काहीतरी, वर्तुळं, एक देठासारखी उभी रेघ. ढोबळे सर खूश झाले. म्हणाले, याला अनेक अर्थ आहेत. बसमध्ये मुलींनी अंक सुलटा धरला आणि माझं काळीज सुपाएवढं झालं. तेवढ्यात समोर बसलेल्या एका आजोबांनी मान वाकडी करून विचारलं, "काय वं पोरी, शेतकीच्या कॉलेजात हायेस काय? भोपळा हाय ना हा?" मुलीने अंक पिशवीत घातला. तिच्यामागून पुढल्या स्टॉपपर्यंत सगळेच भोपळे पिशव्यांत गेले.

त्यानंतर ढोबळे सरांनी मला बोलावून घेतलं. चहा मागवला. चहा मागवला म्हणजे बातमी वाईट, हे मी ओळखून होते.

"समितीचं म्हणणं पडलं," ते कपाकडे पाहत म्हणाले, "या वर्षी दोघांकडून नमुने घ्यावेत. तुमच्याकडून आणि ते सेलूचे, मनोज म्हणून आहेत..."

"हंसवाले."

"हो. विद्यार्थिनींनीच नाव सुचवलं."

मला वाटलं, कपातला चहा त्यांच्या टेबलावर सांडून निघून जावं. पण मग 'धामतीर' गेला असता, आणि 'धामतीर' गेला तर सुलटा अंक पाहायची माझी एकुलती एक जागा गेली असती. मी म्हटलं, "घ्या नमुने."

घरी येताना बसमध्ये शेवटच्या बाकावर जागा मिळाली. पुढे मुली उभ्या होत्या, सगळ्या पाठमोऱ्या. वेण्या, पिना, ओढण्या, वरच्या दांड्याला धरलेले हात. एका मनगटात काचेच्या बांगड्या, एकावर मेंदी उतरत आलेली, आणि मध्ये रत्नमालाचं ते मोठं घड्याळ. संध्याकाळचं ऊन खिडक्यांतून त्या हातांवर पडलं होतं. मी बघतच राहिले. इतकी वर्षं मी त्यांना काय सांगायचं याचा विचार करत होते. त्या इथे रोज उभ्या होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. मी फक्त त्यांच्या हातातल्या अंकाकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी रत्नमालाला आणि तिच्या मैत्रिणींना विचारलं. या वेळी विचारलं. फोटो काढू का, मुखपृष्ठासाठी?

"तोंड नाई दिसलं पाह्यजे ताई," एक म्हणाली. "घरचे चिडतेत."

"पाठीमागूनच काढणार."

"मंग काढा. पण माही वेणी नीट घालू द्या आधी," रत्नमाला म्हणाली, आणि अख्ख्या बसमध्ये वेण्या सोडून पुन्हा घालायचा कार्यक्रम झाला. कंडक्टर म्हणाला, "लगन हाय का कोनाचं?"

मी उसन्या आणलेल्या कॅमेऱ्याने शेवटच्या बाकावरून फोटो घेतले. एक फोटो असा आला की मी तो छापखान्यात कुणाला दाखवेना. नजर लागेल म्हणून. वर पांढऱ्या अक्षरांत फक्त 'धामतीर'. घोषणा नाही, उद्गारचिन्ह नाही.

समितीच्या खोलीत मी आधी नमुना ठेवला. ढोबळे सरांनी चष्मा काढून पुसला. मी जिंकले होते. मग मनोजने त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्याचा नमुना काढला.

हंस नव्हते.

पवनारजवळचं नदीपात्र होतं. हिवाळ्यातलं कमी पाणी, काळे दगड, आणि सगळ्यात पुढच्या सपाट दगडावर मुलींच्या चपलांची रांग. रंगीत पट्ट्यांच्या, झिजलेल्या, एक सेफ्टी पिन लावलेली. बस. मुली चित्रात कुठेच नव्हत्या. पण पाहणाऱ्याला कळत होतं की चौकटीच्या बाहेर, पाण्यात पाय सोडून त्या बसल्या आहेत आणि हसत आहेत.

हंस असते तर मी त्याला क्षमा केली असती. मोरपीस असतं तर मी त्याला चहा पाजला असता. पण हे? मी त्या पुलावरून रोज जाते. पत्रकांवर मी वाढले, मुलींच्या बाजूने मी बोलते, बसमध्ये उभी मी राहते, आणि त्या चपला दिसल्या वह्या विकणाऱ्या मनोजला! मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्या फोटोकडे पाहत होता. त्याचं तोंड जांभूळ खाल्ल्यासारखं झालं होतं.

"हे तुम्ही काढलं?" त्याने विचारलं.

"मग काय बदकांनी काढलं?"

"नाई, म्हंजे..." तो एवढंच म्हणाला.

समितीत वाद झाला. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. शेवटी प्राचार्यांनी जो निर्णय दिला तो फक्त आपल्याकडचे प्राचार्यच देऊ शकतात. ते म्हणाले, "दोघांचंही मन राखा. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते." मनोज म्हणाला, मागच्या बाजूला जाणार नाही. मी म्हटलं, मीही नाही. तेव्हा प्राचार्य म्हणाले, "मागची बाजूच ठेवू नका ना. दोन्हीकडे नाव टाका."

आणि तसा अंक निघाला. दोन्हीकडे 'धामतीर', दोन्हीकडे मुखपृष्ठ. उलटी बाजूच नाही असा अंक मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मजकूर अर्थात एकाच बाजूने सुरू होतो, आणि ती बाजू माझी निघाली. मनोजच्या बाजूने उघडलं की सुरुवातीलाच सिमेंटच्या दुकानाची जाहिरात आणि मग प्राध्यापकांचा सामुदायिक फोटो येई. याचा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की काय झालं होतं. अंक हातात घेतलेली प्रत्येक मुलगी बसमध्ये एक बाजू आत ठेवणार आणि एक बाहेर. मी की मनोज. निकाल रोज सेलूच्या स्टँडवर लागणार.

अंक वाटायला लागले त्या दिवशी मी कामाला दांडी मारली आणि स्टँडवर गेले. मनोज दुकानात बसला होता, पण गिऱ्हाइकाकडे पाठ करून. मी त्याच्या दुकानासमोरच्या बाकावर बसले. आम्ही एकमेकांना नमस्कार केला नाही.

बस आली. पहिली मुलगी उतरली, हातांचा फोटो बाहेर. माझा. दुसरी उतरली, चपला. तिसऱ्या मुलीने अंक डोक्यावर उन्हाला धरला होता, वरून कोणती बाजू ते आभाळालाच ठाऊक. चौथी त्याने वारा घेत होती. हात, चपला, हात, चपला. एका मुलाने तर तो खाली अंथरून वर बैठक मारली. मनोज दुकानातून ओरडला, "अबे ऊठ बे! बसाले भेटला काय तुले तो?" आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "वरची बाजू तुमचीच होती ना?" त्याच्या ओरडण्यात मला थोडी माया वाटली होती, ती लगेच गेली.

दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथेच. दुपारी रत्नमाला आली. तिला वडनेरला मावशीकडे जायचं होतं. तिची कविता अंकात होती आणि तिचा हात मुखपृष्ठावर होता, म्हणून मावशीला दाखवायला अंक बरोबर घेतला होता. तिने तो छातीशी धरला होता. मी उभी राहिले. मनोज काउंटर ओलांडून बाहेर आला.

अंकाला कव्हर घातलेलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पानाचं, कोरी बाजू वर ठेवून, कोपरे नीट दुमडून. आपण शाळेतल्या पुस्तकांना घालतो तसं. मधोमध तिचं नाव, गाव आणि वर्ग.

"हे काय केलं वं रत्ना?" मी विचारलं.

"कव्हर घातलं ना ताई. मायनं घालून देल्लं. सगळा मोहल्ला पाहाले मागून राह्यला, मळून जाईन तो."

"पण वरची बाजू कोनती ठेवली आतमंदी?" मनोजने विचारलं.

"वरची?" तिला प्रश्नच समजला नाही. "दोन्ही वरच्याच हायेत ना भाऊ."

"तरी तुले आवडली कोनती?" हे आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन मोठी माणसं स्टँडवर तिच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होती. तिला हसू आलं.

"आवडला म्हणूनच तं झाकला," ती म्हणाली. तेवढ्यात बस लागली आणि ती धावत चढली.

"अवं पण कोनती?" मनोज बसच्या मागे चार पावलं गेला. खिडकीतून घड्याळाचा हात हलला. धूळ उडाली.

आम्ही दोघं तिथेच उभे. तो म्हणाला, "मायनं कव्हर घातलं म्हणजे मायले माहीच आवडली असन. चपला तिच्या ध्यानात आल्या असन."

"हात तिच्या मुलीचा आहे त्यात," मी म्हटलं.

"हात का, घड्याळ दिसते नुसतं."

"आणि तुमच्या चपला कोणाच्या आहेत तेही सांगता येत नाही."

असं आमचं बराच वेळ चाललं. मग त्याने चहा सांगितला. तो मी प्यायले, पण याला मैत्री म्हणू नका.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते नुसते हसले. म्हणाले, "मंग घरात राह्यला ना कागद?" बाबांनी माझ्या कामाबद्दल म्हटलेलं याहून मोठं वाक्य मला आठवत नाही. पण ते मनोजच्याही कामाबद्दल होतं, हे विसरता येत नाही. म्हणून मला ते अर्धंच मिळालं, असं मी धरते.

यानंतर मी पुष्कळ मुखपृष्ठं केली. आज मुलींशी बोलल्याशिवाय मी रेघ ओढत नाही, आणि त्या रोज जे अंगावर वागवतात त्यावर माझा आवाज छापत नाही. आवाज काढायचा असेल तर पत्रक काढते, माझ्या नावाने. तेही बाबांसारखं, एका बाजूने. माझी मतं मवाळ झाली, असं कुणी म्हणू नये. ती तितकीच जहाल आहेत, फक्त आता ती मी दुसऱ्याच्या छातीवर टांगत नाही.

मनोज वर्ध्याला गेला. मोठं ऑफसेट टाकलं. लोक त्याला कलावंत म्हणतात. म्हणोत.

हे सगळं आज लिहायचं कारण तुमच्या हातातच आहे. या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मनोजचं आहे. मला संपादकांनी मुखपृष्ठ मागितलं नाही, लेख मागितला. मुखपृष्ठ मी छपाईच्या आधी पाहिलं आहे. दोष काढायला बसले होते. सापडला नाही.

तेव्हा वाचकहो, एक विनंती आहे आणि ती आजच पाळा. घरात गेल्या वर्षीचं कॅलेंडर असेल, त्याचं एक पान फाडा आणि या अंकाला कव्हर घाला. कोरी बाजू वर. कोपरे नीट दुमडा. मधोमध तुमचं नाव लिहा. मग खुशाल बसमध्ये न्या, शेजाऱ्याला वाचायला द्या, मावशीकडे पोचवा. कुणी विचारलंच की वरचं चित्र कोणाचं आहे, तर सांगा, झाकलं आहे.

आवडलं म्हणून झाकलं, हे मात्र मनोजला सांगू नका.